मेज नेमकं कुठे ठेवायचं?

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात, श्रूझबरीच्या दक्षिणेला, अ‍ॅक्टन बर्नेल गावापासून थोडं पुढे शेतात एक चॅपल एकटंच उभं आहे. लँगली चॅपल. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात विशेष काही सापडायचं नाही: एकच लांबट दालन, दगडी भिंती, उतरतं छप्पर आणि एका टोकाला घंटा टांगण्यापुरता छोटा मनोरा. शेजारचा जमीनदारांचा वाडा कधीच गेला, त्याची देवडी तेवढी उरली आहे. चॅपलचं मूळ मध्ययुगीन असलं तरी आज दिसतं ते रूप बरंचसं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि सतराव्याच्या सुरुवातीचं. छपराच्या लाकडावर १६०१ हे साल आहे. जाणकार मंडळी इथे येतात ती भिंतींसाठी येत नाहीत, आतल्या लाकडी सामानासाठी येतात. सतराव्या शतकात गावच्या चॅपलमध्ये माणसं कशी बसत, कुठे गुडघे टेकत, कुणाकडे तोंड करत, हे इथे जवळजवळ जसंच्या तसं राहिलं आहे. उपासना चालवणाऱ्या पाळकासाठी वर छत असलेलं, खोलीसारखं मोठं वाचनपीठ आहे. उपदेशासाठी एक छोटं व्यासपीठ आहे. पुढच्या बाजूला प्रतिष्ठितांसाठी दारं असलेले लाकडी कप्पे, मागे साधे बाक, अगदी शेवटी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची जागा. आणि पूर्वेच्या टोकाला प्रभुभोजनाचं मेज. ते भिंतीला टेकलेलं नाही. त्याच्या उत्तरेला, दक्षिणेला आणि पूर्वेलाही बाक आहेत, बाकांपुढे गुडघे टेकायची सोय आहे.

यातला पूर्वेचा बाक नीट पाहण्यासारखा आहे. मध्ययुगीन चर्चमध्ये पूर्वेची भिंत ही सगळ्या वास्तूची अखेर असे. तिथे दगडी वेदी, वेदीवर क्रूस, धर्मगुरूची पाठ लोकांकडे आणि तोंड वेदीकडे. सामान्य माणसाने तिथवर जायचंच नाही. मध्ये लाकडी पडदा असे. लँगलीत नेमक्या त्याच जागी साधी माणसं भिंतीला पाठ लावून बसत आणि मेजापलीकडच्या आपल्या शेजाऱ्याकडे बघत. जिथे देवाची जागा मानली जायची तिथे शेतकऱ्याची पाठ टेकली. हा बदल कुणा सुताराच्या लहरीने झालेला नव्हता. १५५० साली लंडनचे बिशप निकोलस रिडली यांनी आपल्या अखत्यारीतल्या चर्चमधून वेद्या काढून मेजं ठेवायला लावली. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता: वेदी बळी देण्यासाठी असते, मेज जेवण्यासाठी. ख्रिस्ताचं बलिदान एकदा झालं ते झालं, ते पुन्हा अर्पण करायचं नाही, त्याची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा. राष्ट्रीय चर्चच्या १५५२च्या प्रार्थनापुस्तकाने मेज चर्चच्या मधल्या भागात किंवा पूर्वेकडच्या दालनात मांडायला सांगितलं. १५५९ साली एलिझाबेथ राणीच्या आज्ञेने मधला मार्ग काढला गेला: एरवी मेज जुन्या वेदीच्या जागी राहू द्यावं, प्रभुभोजनाच्या वेळी सोयीच्या जागी पुढे आणावं. म्हणजे इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये मेज चालतं-फिरतं झालं.

या सगळ्यामागे एक जुना प्रश्न आहे. देव एखाद्या जागी अधिक असतो का? प्युरिटन, म्हणजे चर्चमधलं बाह्य अवडंबर काढून टाकू पाहणाऱ्या, वळणाच्या माणसाचं उत्तर ठाम नकाराचं होतं. देव सर्वत्र आहे, चर्चची इमारत म्हणजे पावसापासून आडोसा, पवित्र काय असेल तर जमलेली मंडळी आणि वाचलं जाणारं वचन. उत्तर तर्काला धरून आहे आणि त्याचा मोह आजही पडतो. ‘श्रद्धा मनात असते, बाकी सगळं बाह्य’ असं म्हणणारे आपल्याकडेही उदंड आहेत. पण लँगलीचं सामान पाहिल्यावर मला हे उत्तर अर्धंच पटतं. जागेत देव नाही, हे सांगायलाही त्या मंडळींना जागाच लागली. सुतार बोलवावा लागला, ओकचं लाकूड आणावं लागलं, बाक कुठे आणि मेज कुठे हे ठरवावं लागलं, मग माणसांची शरीरं त्याभोवती एका ठरावीक रीतीने बसवावी लागली. श्रद्धा आत आणि आकार बाहेर, अशी फोड करता येत नाही, हे माझं म्हणणं आहे. आकार हा श्रद्धेवर चढवलेला पोशाख नसतो. बरीचशी श्रद्धा त्या आकारातूनच घडते आणि त्याच्यातच टिकते. आकार नाकारणाऱ्यांनी स्वतःसाठी किती काळजीपूर्वक आकार घडवला, हाच याचा सर्वांत भक्कम पुरावा.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. लाकडी सामानात एवढं तत्त्वज्ञान कशाला शोधायचं? जागा लहान, माणसं थोडी, मेज मध्ये ठेवलं तर सगळ्यांना ऐकू येतं, संपलं. या म्हणण्यात तथ्य आहेच. गावची चर्च म्हणजे कोरी पाटी नव्हती. जे हाताशी होतं त्यातच भागवलं जाई आणि पुष्कळ गोष्टी केवळ सवयीने चालत. पण नुसत्या सोयीसाठी माणसं न्यायालयात जात नाहीत. १६३३ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला लागून असलेल्या सेंट ग्रेगरी चर्चमध्ये मेज पुन्हा वेदीसारखं पूर्वेच्या भिंतीला लावलं गेलं, काही रहिवाशांनी तक्रार केली आणि वाद थेट राजा पहिला चार्ल्स आणि त्याच्या मंत्रिमंडळापुढे गेला. निकाल रहिवाशांच्या विरुद्ध लागला. त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या विल्यम लॉड यांनी पुढे देशभर मेजं भिंतीला लावण्याचा आणि त्यांच्यापुढे कठडे घालण्याचा सपाटा लावला. कठड्यासाठी दिलेलं एक कारण तर अगदीच घरगुती होतं: कुत्री. नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी कठड्याच्या गजांमधून कुत्रं आत शिरू नये इतके ते जवळ असावेत, असं फर्मान काढलं. त्या काळी धन्याबरोबर कुत्रीही चर्चमध्ये येत, तेव्हा कारण खोटं नव्हतं. तरी कुत्र्यासाठी घातलेला कठडा माणसालाही अडवतो, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकणारा माणूस घेणारा होतो, आतला धर्मगुरू देणारा होतो. मेजाभोवतीची बैठक मोडते. म्हणून तर १६४१ साली संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने कठडे काढून टाकण्याचा आदेश दिला आणि राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात ते ठिकठिकाणी उखडले गेले. लॉड यांचं डोकं १६४५ साली उडवलं गेलं. त्यांच्यावरच्या आरोपांची यादी लांबलचक होती, पण मेज आणि कठडे तिच्यात होते. रटलंडमधल्या लिडिंग्टन गावी १६३५ सालचा एक कठडा अजून आहे, तो मेजाच्या चारही बाजूंनी फिरतो. लॉडसाहेबांना कठडा हवा होता, लोकांना मेजाभोवती जमायचं होतं. सुताराने दोघांचीही समजूत काढली. सोयीपुरत्या गोष्टीसाठी कुणी असली तडजोड घडवून आणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे. एकच कृती दोन माणसं दोन अर्थांनी करू शकतात. गुडघा टेकणारा एक जण भाकरीत साक्षात ख्रिस्त पाहत असेल, दुसरा केवळ कृतज्ञता व्यक्त करत असेल. मग अर्थ मनातच ठरतो, लाकडात नाही. या आक्षेपाच्या बाजूने इतिहासातला एक उत्तम दाखला आहे, तो आक्षेप घेणाऱ्याच्या हाती मी स्वतःच देतो. १५५२चं प्रार्थनापुस्तक छापखान्यात असताना कट्टर धर्मसुधारक जॉन नॉक्सने गुडघे टेकून प्रभुभोजन घेण्यावर कडाडून टीका केली. गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची पूजा, असं त्याचं म्हणणं. तेव्हा सरकारने ऐनवेळी एक खुलासा पुस्तकात घातला: गुडघे टेकायचे ते नम्रतेने, त्यात भाकर-द्राक्षारसाची कसलीही पूजा अभिप्रेत नाही. म्हणजे शरीराने एक करायचं आणि त्याचा अर्थ शब्दांनी ठरवून द्यायचा. आक्षेपकाला हवं ते सगळं इथे आहे.

तरीही हा दाखला शेवटी माझ्याच बाजूने साक्ष देतो. कृती मुकी असती तर खुलाशाची गरजच पडली नसती. गुडघा काहीतरी बोलतो, आणि तो नको ते बोलतो, हे जाणवलं म्हणून कागदाने त्याला दटावलं. आणि दटावून काय झालं? १५५९च्या पुस्तकातून तो खुलासा गाळला गेला, गुडघे टेकणं राहिलं. १६६२ साली खुलासा थोड्या बदललेल्या शब्दांत परत आला, गुडघे टेकणं तसंच. शब्द येत-जात राहिले, गुडघे आपल्या जागी राहिले. गावच्या माणसाने हा खुलासा आयुष्यात कितीदा वाचला असेल? बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. पण गुडघे त्याने प्रत्येक प्रभुभोजनाला टेकले. एवढं मी आक्षेपकाला देतो की सामान श्रद्धा ठरवून टाकत नाही; लॉडच्या कठड्याशी कट्टर प्युरिटनही गुडघे टेकून मनात वेगळं मानू शकत होता. मात्र सामान काही श्रद्धा सोप्या करतं आणि काही अवघड. कठड्यापाशी बसून ‘हे आपलं सगळ्यांचं जेवण’ असं मानायला मनाला जोर करावा लागतो. लँगलीच्या बाकावर बसून तो करावा लागत नाही. पिढ्यानपिढ्यांचा विचार केला तर ज्याला जोर लागत नाही तेच टिकतं. आणि लँगलीतच, बाकांपुढे गुडघे टेकायची सोय ठेवलेली आहे हे विसरू नये. राष्ट्रीय चर्चचा नियम गुडघे टेकण्याचा होता आणि लँगली त्या चर्चबाहेर नव्हतं. बसणं आणि गुडघे टेकणं, जेवण आणि पूजा, दोन्ही एकाच बाकात सांधलेलं आहे. तिथल्या लोकांना काय मानायचं हे पुरतं ठरवता आलं नसावं, आणि सुताराच्या कामात ते तसंच उतरलं.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून मांडला जातो, मला तो पुराव्यासारखा वाटतो. मेजाभोवती सगळे सारखे, हे म्हणणं छान आहे, पण त्याच दालनात चार पावलांवर जमीनदारांचे दारबंद कप्पे आहेत आणि मागे नोकर-चाकरांचे उघडे बाक. मग समतेची ही सगळी भाषा पोकळच ना? पोकळ म्हणण्यापेक्षा दुटप्पी म्हणू या. ऑक्सफर्डशरमधल्या राइकोट चॅपलमध्ये हा दुटप्पीपणा डोळ्यांत भरतो. १४४९ साली बांधलेल्या या सुंदर चॅपलमध्ये सतराव्या शतकात डावी-उजवीकडे दोन छतबंद आसनं उभी राहिली, कप्पे कसले, लहानशा खोल्याच त्या. त्यातली एक पहिल्या चार्ल्स राजाच्या १६२५ सालच्या भेटीसाठी बनवली, असं परंपरेने सांगतात. दुसऱ्या आसनाला वरचा मजलाही आहे. देवापुढे बसलेला माणूस इथे जाळीआडून, छताखालून, इतरांपासून वेगळा होऊन बसतो. प्रवचनात कुणी ‘देवापुढे धनी आणि चाकर वेगळे’ असं म्हणालं असेल असं वाटत नाही, कारण तसं म्हणणं धर्मविरुद्ध झालं असतं. जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते लाकडाने बिनदिक्कत म्हटलं. एखाद्या समाजाची खरी श्रद्धा कोणती हे विचारायचं असेल तर त्याच्या प्रवचनांइतकीच त्याच्या बाकांची साक्ष काढावी, आणि दोन्हींत तफावत असेल तर मी बाकांवर विश्वास ठेवीन.

मग सगळं सामानच टाकून दिलं तर? क्वेकर पंथाच्या लोकांनी ते करून पाहिलं. वेदी नाही, मेज नाही, व्यासपीठ नाही, पगारी धर्मगुरू नाही. जमायचं, गप्प बसायचं, ज्याला आतून वाटेल त्याने बोलायचं. कंब्रियातल्या सेडबर शहराजवळ ब्रिगफ्लॅट्स इथे त्यांचं १६७५ सालचं सभागृह आहे. अशा सभा त्या वेळी बेकायदा होत्या, सवलत मिळाली ती १६८९च्या कायद्याने. बाहेरून ते एखाद्या शेतकऱ्याच्या घरासारखं दिसतं, पांढऱ्या भिंतींचं, दुमजली. आत जिन्याच्या पायथ्याशी एक छोटा कोंडवाडा आहे, मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी. बिशप रेन यांनी कुत्र्यांना बाहेर ठेवण्यासाठी देवापुढे कठडा घातला, क्वेकरांनी कुत्र्यांनाच एक जागा दिली. या दोन कठड्यांच्या फरकात मला दोन पंथांचा फरक जितका स्पष्ट दिसतो तितका त्यांच्या पत्रकांत दिसत नाही. पण आकारातून सुटका क्वेकरांचीही झाली नाही. तिथेही मंडळीकडे तोंड केलेला एक उंच बाक आहे, वडीलधाऱ्यांचा. ‘कुणीही बोलू शकतो’ हे तत्त्व, आणि कोण बोलेल याची अपेक्षा मात्र आधीच पायरीभर उंच बसवलेली. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. चाळीस माणसं एका खोलीत बसवली की कुणाचं तोंड कुणाकडे हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवलं की निम्मा धर्मविचार ठरून गेला.

एकोणिसाव्या शतकात लाट उलटी फिरली. १८३९ साली केंब्रिजमध्ये स्थापन झालेल्या कॅम्डेन सोसायटीच्या तरुणांना मध्ययुगीन चर्च हीच खरी ख्रिस्ती वास्तू वाटत होती. दारबंद कप्पे त्यांना अत्यंत नापसंत, आणि त्यांच्या विचाराने भारलेल्या जीर्णोद्धारात इंग्लंडभर ते हजारोंनी फुटले. लँगलीसारखी ठिकाणं वाचली त्यात आडबाजूच्या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे. या चळवळीचा एक धागा थेट मुंबईत पोहोचतो. कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ साली अर्पण झालेलं, याच गॉथिक आग्रहातून उभं राहिलं आणि आतल्या सामानाच्या रचनेत विल्यम बटरफील्ड या त्या गोटातल्या मोठ्या वास्तुकाराचा हात होता. या चर्चच्या बाकांना सैनिकांच्या बंदुका टेकवायला खाचा आहेत. पूर्वेची वेदी, रंगीत काचा, टोकदार कमानी हे सगळं मध्ययुगाचं स्वप्न. खाचा १८५७ नंतरच्या हिंदुस्थानातल्या. त्या बाकावर बसणाऱ्याची देवावरची श्रद्धा आणि भोवतालच्या लोकांवरचा अविश्वास, दोन्ही एकाच लाकडात आहेत.

हे सगळे जुने वाद झाले, आता त्यांचं काय, असं वाटणाऱ्यांनी दोन निकाल पाहावेत. केंब्रिजच्या गोल चर्चमध्ये कॅम्डेन सोसायटीने दगडी वेदी बसवली, तेव्हा १८४५ साली चर्चच्या न्यायालयाने निर्णय दिला की दगडाची, न हलणारी वस्तू कायद्याच्या दृष्टीने मेज ठरत नाही. मेज लाकडाचं आणि हलवता येणारं हवं. रिडलींचा मुद्दा तीनशे वर्षांनीही जिवंत होता. पुढे १९६४ साली कायदा बदलला आणि दगडाला परवानगी मिळाली. तरीही लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चच्या मधोमध हेन्री मूर या शिल्पकाराने घडवलेली कित्येक टनांची गोल दगडी वेदी आली, तेव्हा या वस्तूला मेज म्हणावं का, हा प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. १९८७ साली निकाल लागला: म्हणता येईल. गंमत अशी की मूरचा दगड जड असला तरी लोक त्याच्या चहूबाजूंनी बसतात. द्रव्य वेदीचं, मांडणी लँगलीची. माझ्या मते न्यायालयाचा निर्णय बरोबर होता, आणि बरोबर असण्याचं कारण दगड-लाकूड यात नव्हतं, माणसं कुठे बसतात यात होतं.

आज इंग्लंडमधल्या शेकडो गावांत हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. माणसं कमी झाली, व्हिक्टोरियन बाक अडचणीचे झाले, ते काढून खुर्च्या मांडायच्या म्हटलं की एका बाजूला वारसा जपणारे आणि दुसऱ्या बाजूला मंडळी, असं भांडण चर्चच्या न्यायालयात जातं. वारसावाले लाकडाचं वय आणि कारागिरी मोजतात, मंडळी गरम पाणी, स्वयंपाकघर आणि लहान मुलांसाठी जागा मागते. दोघांचंही म्हणणं खरं असलं तरी ज्या मुद्द्यासाठी रिडली आणि लॉड भांडले तो दोघेही टाळतात: बाक काढल्यावर माणसांची तोंडं कुठे असतील, आणि तशी बसलेली माणसं पन्नास वर्षांनी काय मानत असतील? लँगलीत नियमित उपासना एकोणिसाव्या शतकातच थांबली आणि विसाव्याच्या सुरुवातीला सरकारने वास्तू जतनासाठी ताब्यात घेतली. प्युरिटनांच्या हिशोबाने मंडळी उठली म्हणजे मागे उरलं ते नुसतं सरपण. सरकारने त्याला सरपण मानलं नाही हे योग्यच केलं. पण बाक काढण्या-ठेवण्याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांनी हा धर्माचा प्रश्न आहे हे उघड मान्य करून तो तसाच लढवावा. फर्निचरचा प्रश्न म्हणून तो सोडवला तर निर्णय चुकीचा होईल असं नाही, तो कुणी घेतलेलाच नसेल.